डोळे मिटा, सर!

आपल्या गणिताच्या सरांना “डोळे मिटा आणि अजिबात हलू नका” असं तुमच्यापैकी कुणी कधी सांगितलंय? मी सांगितलंय. आणि सरांनी ते निमूटपणे ऐकलंय! ज्याच्या हातात रंगाचा स्पंज असतो त्याचं सगळेच ऐकतात. तेव्हा मी नववीत होते.

आता मी कुणी मोठी रंगभूषाकार आहे असं समजू नका हं. दिवसभर एका कचेरीत मी हिशेब लिहिते आणि वर्षातून आठ-दहा वेळा, कुणी बोलावलंच तर, रंगाची पेटी उचलून जाते. शाळांची स्नेहसंमेलनं, गणेशोत्सवातले कार्यक्रम, हौशी मंडळींची नाटकं, असं काहीबाही. पैसे मिळालेच तर रिक्षाभाड्यापुरते! पण दुसऱ्याच्या चेहऱ्याला रंग लावायचा म्हणजे काय, हे मला पहिल्या दोन वर्षांत जेवढं कळलं तेवढं पुढे कधीच कळलं नाही. म्हणून त्या दोन वर्षांचंच सांगते.

आम्ही सांगलीचे. सांगलीकरापुढे नाटकाचा विषय काढलात, की तो आधी एक तारीख सांगणार: 5 नोव्हेंबर 1843. त्या दिवशी विष्णुदास भाव्यांनी सांगलीच्या राजेसाहेबांसमोर ‘सीता स्वयंवर’ हे नाटक केलं. म्हणून तर 5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. त्या जुन्या नाटकांत देवपार्टी असे, राक्षसपार्टी असे, आणि राक्षस असा काही आरडाओरडा करत यायचे की लोकांनी त्या नाटकांना थट्टेनं ‘अललडुर्र’ असं नाव ठेवलं होतं. सांगायचा मुद्दा हा, की आमच्या गावात तोंडाला रंग लावणं ही काही नवलाची गोष्ट नाही. गल्लीत एक तरी घर असं असतं, जिथं कुणाचे तरी आजोबा एकेकाळी संगीत नाटकात दासी झालेले असतात!

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला रंग लावायला दरवर्षी एक काका यायचे. उंच, काटकुळे, तोंडात सतत लवंग. सोबत एक पत्र्याची ट्रंक आणि एक मदतनीस. जानेवारी 1994 च्या संमेलनाला मदतनीस तापानं आजारी पडला आणि काका एकटेच आले. सत्तरएक मुलं रंगवायची आणि हाती साडेतीन तास. म्हणजे दर चेहऱ्याला तीन मिनिटं! काकांनी चित्रकलेच्या सरांना विचारलं, “हात न थरथरणारं एखादं पोर द्या की.” सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. कारण काय, तर जीवशास्त्राच्या वहीतला माझा बेडूक! त्याच्या आकृतीची त्या वर्षी शाळाभर वाहवा झाली होती.

मला वाटलं, आता लगेच हातात ब्रश मिळणार. कसचं काय! पहिला तासभर मी काडेपेटीतल्या काड्यांना कापूस गुंडाळत बसले. शंभर काड्या मोजून केल्या. या काड्या डोळ्यांत काजळ घालायला. एका मुलाला एक काडी, की ती थेट कचऱ्यात. “एकाचे डोळे आलेले असले,” काका म्हणाले, “तर उद्या निम्म्या शाळेचे येतील. लोक म्हणतील, रंगवाल्यानं आणले.” स्पंजसुद्धा दर दहा मुलांमागे साबणाच्या पाण्यात धुवायचा आणि पिळून उन्हात टाकायचा. असे सहा स्पंज आळीपाळीनं. मी त्या दुपारी जास्त वेळ नळाशीच होते.

मग काकांनी मला शेजारी उभं केलं आणि म्हणाले, “आता नुसतं बघ.”

“काय बघू?”

“तोंड बघ की त्याचं. रंग कुठं पळून जातोय व्हय?”

समोर सातवीतला एक मावळा बसला होता. मी त्याला रोज मैदानावर पाहत होते. पण दोन मिनिटं टक लावून पाहिल्यावर लक्षात आलं, की याची डावी भुवई उजवीपेक्षा वर आहे. नाक किंचित एका बाजूला झुकलंय. एका गालाला खळी पडते, दुसऱ्याला नाही. काका म्हणाले, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असलेला चेहरा त्यांनी आजवर पाहिलाच नाही. तुम्ही आत्ता आरशासमोर उभे राहा. एक वही उभी धरून अर्धा चेहरा झाका. मग दुसरा अर्धा झाका. एकाच घरात राहणारे दोन भाऊ दिसतात की नाही बघा!

त्या काळी आमच्याकडे बहुतेक ठिकाणी पॅनकेक वापरत. ही साबणाच्या चपट्या वडीसारखी दिसणारी रंगाची वडी असते. ओला स्पंज तिच्यावर फिरवायचा आणि चेहऱ्याला लावायचा. परदेशात 1930 नंतरच्या दशकात रंगीत चित्रपट येऊ लागले, तेव्हा मॅक्स फॅक्टर कंपनीनं ही युक्ती काढली. त्याच्या आधी आपल्याकडचे नट काय लावत असतील? काकांच्या ट्रंकेत तळाशी जुन्या पुड्या होत्या, त्यांच्या गुरूंच्या वेळच्या. सफेदा, पिवडी, हिंगूळ आणि मुर्दाडशिंग. खोबरेल तेलात खलून हे रंग चेहऱ्याला चोपडत. नावं ऐकून मला फार मजा वाटली. पण काकांनी पुडी उघडू दिली नाही. मुर्दाडशिंग म्हणजे शिशाचं संयुग आणि हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं. दोन्ही विषारी! आणि नट मंडळी ती वर्षानुवर्षं, रात्र-रात्रभर तोंडाला लावून गात होती. “मग तुम्ही पुड्या जपून कशाला ठेवल्यात?” मी विचारलं. काका म्हणाले, “टाकू कुठं? गटारात टाकली तर ते पाणी कोण पिणार?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुम्हीही घरी नाटक बसवत असाल, तर एवढं ऐकाच. चित्रकलेचे पोस्टर कलर, ऑइलपेंट, गोंद, यांतलं काहीही चेहऱ्याला लावू नका. ते कागदासाठी असतं. चेहऱ्यासाठी म्हणून मिळणारा रंगसुद्धा आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघायचा. खाज आली, लाल चट्टा उठला, तर तो रंग त्या माणसासाठी नाही.

असो. तर त्या दिवशी काकांनी मला पहिला चेहरा दिला तो आठवीतल्या एका मुलाचा. तो नाटुकल्यात आजोबा होता. म्हातारा करायचा म्हणजे काळ्या पेन्सिलीनं कपाळावर तीन आडव्या रेघा ओढायच्या, अशी आपली समजूत असते. संमेलनातले निम्मे आजोबा रेल्वेच्या रुळांसारखे दिसतात ते त्यामुळंच. काका म्हणाले, “काळं नाही, तपकिरी घे. आणि त्याला आधी कपाळाला आठ्या घालायला सांग.” त्यानं आठ्या घातल्या. जिथं खरी घडी पडली तिथंच मी बारीक तपकिरी रेघ काढली. तिला लागून फिकट रंगाची दुसरी. एकीनं खळगा दिसतो, दुसरीनं उंचवटा. मग हसायला सांगून नाकापासून ओठांपर्यंतच्या घड्या. गाल आत ओढायला सांगून गालाखालचे खड्डे. तेरा वर्षांच्या मुलाच्या तोंडावर त्याची साठ वर्षांनंतरची सगळी खूण आधीच असते. आपण फक्त तिच्यावरून पेन्सिल फिरवायची. केसांना टाल्कम पावडर लावली आणि झाले आजोबा!

तेवढ्यात त्या मुलाची आई डबा घेऊन आत आली. त्याला शोधत तिनं चार चेहरे न्याहाळले. मग याच्यावर नजर पडली आणि ती जागच्या जागी थांबली. तिचा हात आपसूक पदराकडे गेला. तिनं पदर सावरून डोक्यावर घेतला आणि मग एकदम ओशाळून हसली. “अगदी मामंजी!” एवढंच म्हणाली. तिचे सासरे वारून तेव्हा चार वर्षं झाली होती, हे मला नंतर कळलं. मुलगा मात्र डब्यात काय आहे, हेच विचारत होता!

आता सर. त्या वर्षी शिक्षकांनीही एक विनोदी नाटुकलं बसवलं होतं आणि गणिताचे सर त्यात हवालदार झाले होते. वर्गात सर आले की पंख्याचासुद्धा आवाज कमी व्हायचा, असे सर. त्यांना मिशा लावायच्या होत्या. काका मुख्याध्यापकांना रंगवत होते, तेव्हा सर माझ्या वाट्याला आले. छातीत नुसती धडधड! सर खुर्चीत बसले, चष्मा काढून हातात धरला आणि माझ्याकडे पाहू लागले. असं कुणी पाहत असलं, की हात चालत नाही. शेवटी मी धीर करून म्हणाले, “सर, डोळे मिटा. आणि अजिबात हलू नका.”

सरांनी डोळे मिटले.

चष्म्याविना आणि नजरेविना सर कुणी वेगळेच दिसत होते. नाकावर दोन्ही बाजूंना चष्म्यानं पाडलेले लालसर वळ होते. पापणीखाली बारीक तीळ होता. हनुवटीवर दाढी करताना कापलेलं होतं आणि त्यावर वर्तमानपत्राचा इवलासा कपटा अजून चिकटलेला होता. सर श्वाससुद्धा जपून घेत होते. माझ्या हातात स्पिरिट गमची बाटली होती आणि त्या क्षणी मी सरांच्या तोंडावर काहीही चिकटवू शकले असते! मी तो कपटा ओल्या कापसानं हळूच काढला. सर डोळे मिटूनच म्हणाले, “थँक्यू.” पाच वर्षांत त्यांनी कुणाला थँक्यू म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं.

मिशा-दाढीचं शास्त्र मोठं गमतीचं आहे. क्रेपचे केस वेणीसारखे पीळ घातलेले मिळतात. ती वेणी उसवून पाण्यानं ओली करून ताणून वाळवायची, म्हणजे केस सरळ होतात. मग ते चिकटवायचे स्पिरिट गमनं. हा गम म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली राळ. वास असा उग्र, की डोळ्यांतून पाणी! दाढी लावताना सुरुवात हनुवटीच्या खालून करायची आणि एकेक थर वर चढवत न्यायचा. कौलं शाकारताना नाही का खालून वर जातात, तसं. वरचा थर खालच्याचं तोंड झाकतो. आणि गम पुरता वाळेपर्यंत काही खायचं-प्यायचं नाही.

हे शेवटचं मी सरांना दोनदा सांगितलं. पण पडदा उघडायला उशीर होता, चहा आला आणि सरांनी घेतला. एका बाजूची मिशी कपातच उतरली. काकांनी धावत येऊन नवी लावली. दुसऱ्या दिवशी वर्गात सर नेहमीसारखेच कडक होते, पण हजेरी घेताना माझ्या नावाशी थांबून त्यांनी नकळत वरच्या ओठावरून बोट फिरवलं. मी मान खाली घालून हसू दाबलं.

पुढच्या वर्षी मी दहावीत. घरी आईचा ठाम विरोध. “मार्चमध्ये परीक्षा आणि जानेवारीत तोंडं रंगवत बसणार?” पण काका एका स्पर्धेच्या नाटकासोबत कोल्हापूरला गेले होते आणि जाताना ट्रंक शाळेत ठेवून, सरळ माझं नाव सांगून गेले होते. बाबांनी मध्यस्थी केली. दोन संध्याकाळी मिळाल्या, एक रंगीत तालमीची आणि एक संमेलनाची.

त्या वर्षी सहावीच्या नाचात एक राजकन्या होती. नाच तिचा इतका सुरेख, की तिला निवडण्यावाचून बाईंना गत्यंतर नव्हतं. ती काळीसावळी होती. रंगीत तालमीला ती माझ्यासमोर बसली आणि बसल्या-बसल्या म्हणाली, “ताई, मला गोरी कर हं. बाईंनी सांगितलंय.”

मी विचारलं, “आणि तुला काय वाटतं?”

“मलापण तसंच वाटतं. राजकन्या गोरीच असते ना?”

ट्रंकेत सगळ्यात फिकट पॅनकेकची वडी पार झिजून पत्रा दिसू लागला होता आणि गडद वडी जवळजवळ नवीकोरी होती. आमच्या शाळेत गोऱ्या मुली अशा होत्याच किती? दहातल्या एक-दोन. मग फिकट वडीच का संपत होती, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. दर संमेलनात आम्ही सगळ्या गावाला गोरं करत होतो! काका मात्र रंग निवडताना कधी हातावर लावून बघत नसत. जबड्याच्या कडेला, मानेला लागून एक पट्टा ओढत. चेहऱ्याचा रंग मानेच्या रंगाशी जुळला पाहिजे, नाहीतर मुखवटा घातल्यासारखं दिसतं. एक वडी जुळली नाही तर दोन मिसळायच्या.

पण अकरा वर्षांच्या मुलीला हे सांगून काय उपयोग? तिला गोरं व्हायचं होतं. मी तिला म्हटलं, “आपण गंमत करू. डाव्या गालाला तुझ्या रंगाचं लावते, उजव्या गालाला गोरं. मग मंडपात जाऊ. जो गाल चांगला दिसेल तसं उद्या करू. चालेल?”

तिला गंमत पटली. दोन वड्या मिसळून मी डावीकडचा रंग तयार केला. गालावर विटकरी लालीची हलकी झाक दिली, डोळ्यांना काजळाची ठसठशीत रेघ काढली. उजव्या गालावर फिकट वडी फासली. आरशात तिला उजवा गाल आवडला. जवळून तो खरंच गुळगुळीत, पांढुरका दिसत होता.

मग तिला मंचावर उभी केली आणि लाइटवाल्या दादांना दिवे लावायला सांगितले. या दिव्यांना काकांनी कायम मान दिला. रंगाला बसण्याआधी ते विचारून घेत, कुठल्या रंगाचे जिलेटिन कागद लावणार म्हणून. लाल उजेडात गालांवरची लाली दिसेनाशी होते, हिरव्या उजेडात तीच लाली काळपट दिसते. शिवाय झगझगीत उजेडात सगळे उंचसखल भाग सपाट होतात. म्हणून तर नाटकात नाक-डोळे जरा जास्तच उठावदार काढावे लागतात. दिवे लागले. मी, लाइटवाले दादा आणि मंडप बांधणारे दोघे, असे चौघे दहाव्या रांगेत जाऊन बसलो.

आधी तिनं उजवा गाल दाखवला. सावळ्या कातडीवरचा तो पांढुरका रंग दिव्याखाली गोरा नाही, राखाडी दिसत होता. मान एका रंगाची, कान दुसऱ्याच. दादा म्हणाले, “आजारी हाय का पोर?” मग तिनं डावा गाल वळवला. मंडपवाल्यांपैकी एक जण आपसूक म्हणाला, “हां! ही राजकन्या.”

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते चौथ्या इयत्तेपर्यंत शिकलेले, दिवसभर वासे बांधून दमलेले होते. त्यांच्यापुढे एक झळझळीत सावळी मुलगी उभी होती आणि तिचे डोळे दहाव्या रांगेपर्यंत पोचत होते, एवढंच.

ती खाली आली. माझ्याशी काही बोलली नाही. आरसा मागून घेतला आणि बराच वेळ एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं बघत राहिली. मग म्हणाली, “उद्या डावं कर.”

संमेलनाच्या दिवशी पडदा उघडायला वीस मिनिटं असताना बाई आल्या. “अगं, हिला अजून पांढरं लाव की! राजकन्या आहे ती.” मी दहावीतली मुलगी. बाईंना उलट बोलायची आमच्या पिढीला सवय नव्हती. माझी जीभ टाळ्याला चिकटली. पण राजकन्याच खुर्चीतून उठली, घागरा सावरला आणि म्हणाली, “बाई, दिव्याखाली राख फासल्यागत दिसतं. आम्ही बघितलंय.” बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली. घंटा झाली होती, वाद घालायला वेळ नव्हता. “तुम्हांला काय करायचं ते करा,” म्हणून बाई निघून गेल्या. त्या चिडल्या होत्या, हे मला दिसलं होतं. त्या पुढेही काही दिवस माझ्याशी तुटकच वागल्या.

नाच झाला. टाळ्या पडल्या. त्या इतर नाचांपेक्षा फार जास्त होत्या असं काही मी म्हणणार नाही. तशाच होत्या. पण मी विंगेत उभी राहून बघत होते, त्यामुळं मला एक दिसलं. गिरकी घेताना बाकीच्या मुली घाम आला की हात गालाजवळ नेऊन थबकत होत्या, कारण रंग हाताला लागला की कपडे बरबटतात, अशी ताकीद होती. हिनं मात्र सरळ मनगटानं कपाळ पुसलं आणि पुढची गिरकी घेतली. पुसलेल्या जागी काही वेगळं दिसलंच नाही.

कार्यक्रम संपल्यावर रंग उतरवायचं काम सगळ्यात कंटाळवाणं. खोबरेल तेल, जुन्या धोतराचे तुकडे, गरम पाण्याची बादली आणि रडवेली, पेंगुळलेली पोरं. निम्मी मुलं तर रंग न काढताच पळतात, घरी आजीला दाखवायला. राजकन्येला न्यायला तिची आत्या आली होती. तिनं पोरीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला, नीट निरखला आणि माझ्याकडे वळून जरा घुश्श्यातच विचारलं, “हिला मेकअप केलाच नव्हता की काय?”

मी काही बोलणार, तोच राजकन्येनं पदराला धरून आत्याला ओढलं. “चल गं, आत्या. भूक लागलीय.” आणि दोघी मंडपाबाहेरच्या भेळेच्या गाडीकडे निघून गेल्या.